शेतात उगवलेला डोंगर



शेतात तण उगवतं हे आपण रोज पाहतो. पण शेतात डोंगर उगवल्याचं कधी ऐकलं आहे का? ही कहाणी नव्हे, घडलेली गोष्ट आहे.

मेक्सिको देशात पारिकुतिन नावाचं एक खेडं होतं. तिथला दियोनिसिओ पुलिदो हा शेतकरी २० फेब्रुवारी १९४३ रोजी मक्याच्या पेरणीसाठी शेत साफ करीत होता. काही आठवडे त्या भागात धरणीकंपाचे हादरे बसतच होते. त्या दिवशी दुपारी जमिनीला भेग पडली, माती पुरुषभर फुगून वर आली, आणि भेगेतून धूर, राख व गंधकाची दुर्गंधी येऊ लागली. दुसऱ्या दिवशी पाहावं तो शेताच्या जागी टेकडी!

असं का झालं? सोड्याच्या बाटलीचं बूच काढलं की आतला वायू पाण्याला घेऊन उसळतो. भूगर्भातल्या वितळलेल्या खडकातही असाच वायू कोंडलेला असतो. वरचा दाब कमी झाला की तो त्या रसाला घेऊन बाहेर पडतो. उडालेली राख आणि दगड तोंडाभोवती साचतात, त्याचाच डोंगर होतो.

वर्षभरात हा डोंगर तीनशे मीटरांवर गेला. १९५२ साली तो थंडावला, तेव्हा त्याची उंची ४२४ मीटर झाली होती. म्हणजे जवळजवळ सहा कुतुबमिनार एकावर एक! जन्मापासून अखेरपर्यंत शास्त्रज्ञांना बारकाईने अभ्यासता आलेला असा ज्वालामुखी विरळाच.

पारिकुतिन आणि शेजारचं सान हुआन ही दोन्ही गावं लाव्हाखाली गेली. पण लाव्हाच्या खाली सापडून एकही माणूस मेला नाही. राखेच्या ढगांतली वीज पडून तिघे दगावले, तेवढेच. लाव्हा संथ होता, आणि लोकांनी वेळीच गाव सोडलं. पिढीजात घर सोडताना काय वाटतं, हे धरणाखाली गाव गेलेल्यांना वेगळं सांगायला नको. पण माणसं वाचली, आणि सान हुआनच्या लोकांनी दुसरीकडे नवं गाव वसवलं. जुन्या देवळाचा मनोरा आजही काळ्या दगडांतून डोकं वर काढून उभा आहे.

तो काळा दगड आपल्याला परका नाही. सुमारे ६ कोटी ६० लाख वर्षांपूर्वी आपल्याकडेही भेगांतून लाव्हा वाहिला. थरावर थर बसून दख्खनचं पठार झालं, आणि तो खडक झिजून आपली काळी जमीन झाली. विहीर खणताना कठीण कातळाखाली मांजऱ्या खडक लागतो ना? त्याच्यातली भोकं म्हणजे त्या वायूचे बुडबुडेच.

गुरुजींनी असा एक दगड वर्गात आणून मुलांच्या हाती द्यावा. पुस्तकातला ज्वालामुखी मग दूर देशातला राहणार नाही. तो आपल्याच बांधावर सापडेल.