आश्रमातील वृद्धांची अंगस्वच्छता
वृद्धाश्रमातील ज्या रहिवाशांचा मलमूत्रविसर्जनावरील ताबा वार्धक्याने वा व्याधीने सुटलेला असतो, त्यांच्या अंगावर मूत्र फार वेळ राहिल्यास त्यातील युरियापासून अमोनिया निर्माण होऊन त्वचेची स्वाभाविक आम्लता नष्ट होते, आणि त्यात मलाचा संपर्क घडला म्हणजे त्वचा लाल होऊन सोलवटते. म्हणून साधारणतः दर २ तासांनी पाहणी करावी. अंग कोमट पाण्याने पुढून मागे पुसावे, न घासता टिपून कोरडे करावे आणि झिंक ऑक्साइडचे मलम लावावे. अंथरूण भिजेल या धास्तीने वृद्धांचे पाणी तोडणे हा तर शुद्ध जुलूम होय, कारण त्याने मूत्र दाट होऊन मूत्राशयाचा दाह वाढतो. आणि पडदा ओढल्याखेरीज, त्यांची अनुमती विचारल्याखेरीज, सेवकाने वस्त्राला हात लावू नये, मग तशी तजवीज आश्रमाच्या दप्तरी असो वा नसो.