अंगणातली खुर्ची कशाची घ्यायची? महाबळेश्वरचा पाऊस, माणचं ऊन आणि सांगलीचा पूर

आजचा विषय ऐकायला किरकोळ वाटेल. अंगणात, बागेत, गच्चीवर किंवा रानातल्या घरापुढं आपण बसायला जे काही ठेवतो, म्हणजे बाक, खुर्च्या, टेबल, झोपाळा, ते कशाचं घ्यावं? लाकडाचं, लोखंडाचं, दगडाचं, सिमेंटचं की प्लास्टिकचं?

किरकोळ का नाही, ते आधी सांगतो. सध्या सातारा-सांगली भागात आपल्या वयाची बरीच पोरं शेतावर छोटं कृषी पर्यटन काढतायत. कुणी घरापुढं चार टेबलं टाकून चहा-नाश्ता चालवतंय. कुणी पहिल्या पगारातून आई-बाबांसाठी झोपाळा बसवतंय. पंधरा-वीस हजार सहज जातात आणि दोन पावसाळ्यांत तो झोपाळा भंगारवाल्याच्या हातगाड्यावर चढतो. पैसे गेले ते गेलेच. पण आतून गंजलेला पाय बाहेरून दिसत नाही. तो मोडतो तेव्हा वर बहुतेक वेळा आजी नाहीतर आजोबा बसलेले असतात. सत्तरीत खुब्याचं हाड मोडलं की घराचं काय होतं, हे ज्यांच्या घरी झालंय त्यांना विचारा.

ऑनलाइन साइटवर प्रत्येक खुर्चीखाली लिहिलेलं असतं, ‘ऑल वेदर’. म्हणजे सगळ्या हवामानात चालणारी. आपण विचारायचं, कुठलं हवामान? महाबळेश्वरला वर्षाला साडेपाच हजार मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो. तिथून पूर्वेला माणदेशात उतरा, दहिवडी-म्हसवडकडं, तोच आकडा पाचशेच्या आसपास येतो. जिल्हा एकच, फरक दहापटीचा. खाली सांगलीत पाऊस बेताचा, पण वर धरणक्षेत्रात जे पडतं ते कृष्णेतून दारात येतं. त्यामुळं माझं आजचं म्हणणं एवढंच आहे: वस्तू निवडायच्या आधी आपलं अंगण ओळखा. आपल्या अंगणाचा शत्रू कोण? पाऊस, ऊन की पूर?

पाऊस: महाबळेश्वर, पाचगणी, जावळी, पाटण

इथं चार महिने वस्तू नुसती भिजत नाही, ती वाळतच नाही. धुकं, शेवाळ, बुरशी. लाकूड पाण्यानं एकदम सडत नाही. ते ओलं राहिलं की बुरशी धरतं आणि बुरशी त्याला खाते. म्हणून इथं पहिला प्रश्न ‘कुठलं लाकूड’ हा नाही. पाणी कुठं साचतंय, हा आहे. फळ्यांमध्ये फट ठेवा. बसायची फळी किंचित उतरती ठेवा. आणि लाकडाचा पाय थेट मातीत किंवा फरशीवर टेकवू नका. लाकूड पायाच्या टोकातून पाणी ओढून घेतं, स्ट्रॉनं सरबत ओढावं तसं. खाली दगडाचा तुकडा किंवा जाड रबर द्या.

आता लाकूड. सागवान बाहेर टिकतं, कारण त्यात नैसर्गिक तेल असतं. पण हे खरं आहे ते आतल्या गडद गाभ्याबद्दल. बाहेरच्या पांढरट भागाला वाळवी आणि किडा तितक्याच आवडीनं खातात. स्वस्त सागवान म्हणून जे विकतात त्यात हा पांढरा भाग भरपूर असतो आणि वरून पॉलिश मारलेलं असतं. म्हणून वस्तू उलटी करून बघा, खालची बाजू कुणी रंगवत नाही. सातारा, वाई, सांगलीत जुने वाडे उतरवतात तेव्हा निघालेली तुळई, चौकटी मिळाल्या तर बघा. पन्नास-साठ वर्षं वाळलेलं लाकूड आता वाकायचं नाही. फक्त आत खिळे राहिलेत का, ते सुताराला तपासायला सांगा. आणि स्वतःच्या रानातलं सागाचं झाड आहे, तोडू आणि बाक करू, असा विचार असेल तर थांबा. आपल्या मालकीचं असलं तरी साग तोडायला परवानगी लागते.

जांभ्याचा कट्टा या भागात शोभतो. पण जांभा पाणी धरतो आणि त्यावर शेवाळ येतं. पावसाळ्यात पाहुणा घसरला की कट्ट्याची शोभा गेली. बसायची जागा तरी घट्ट काळ्या दगडाची करा.

ऊन: माण, खटाव, आटपाडी, जत

इकडं उलटं. पाऊस कमी, पण उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. इथं लोखंड तापतं. दुपारी तीन वाजता लोखंडी खुर्चीच्या हातावर कोपर ठेवून बघा, लगेच कळेल. कडप्पा तसाच, काळा असल्यामुळं ऊन पितो आणि संध्याकाळी सातपर्यंत गरम राहतो. प्लास्टिक तापून मोडत नाही, ते उन्हातल्या अतिनील किरणांनी ठिसूळ होतं. खुर्चीवर बोट फिरवलं आणि पांढरी पूड लागली, तर ती खुर्ची आता म्हातारी झाली. तिचा पाय न सांगता चिरतो, म्हणून तिला पंगतीत वाढायच्या कामाला नाही, भंगारात द्या.

या भागाचं आपलं लाकूड म्हणजे बाभूळ. बैलगाडीची चाकं आणि औताची कामं पिढ्यान्‌पिढ्या तिच्याच लाकडात झाली, इतकं ते चिवट. दोन गोष्टी मात्र सांभाळा. एक, ओली बाभूळ घाईनं कापून बाक केला तर ती तडकते. जुने लोक ओंडके पाण्यात बुडवून ठेवायचे आणि मग सावलीत वाळवायचे, ते उगीच नाही. दोन, बाभळीच्या सालीनं चामडं कमावतात, म्हणजे तिच्यात टॅनिन भरपूर. साधा लोखंडी खिळा मारला की भोवती काळा डाग पसरतो. स्टेनलेस स्क्रू वापरा.

आणि इथं सगळ्यात स्वस्त सुधारणा म्हणजे सावली. चिंचेखाली किंवा लिंबाखाली ठेवलेली कुठलीही वस्तू उघड्यावरच्या वस्तूपेक्षा जास्त जगते. गावाच्या पारावर दगडी कट्टा आहे आणि वर झाड आहे. दोन्ही मिळून ते फर्निचर आहे. आपण कट्टा तेवढा उचलतो आणि झाड विसरतो.

पूर: सांगली आणि कृष्णाकाठ

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट आहे. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांच्या वर गेलं. जुलै २०२१ मध्ये पुन्हा लोकांनी घरं सोडली. त्या दिवसांत कुणाला बागेतल्या खुर्चीची पडली नव्हती, आणि पडूही नये. पण नदीकाठी राहणाऱ्यानं वस्तू घेतानाच हे डोक्यात ठेवावं, कारण पुराच्या रात्री विचार करायला वेळ नसतो.

पूरपट्ट्यासाठी नियम सोपा आहे. वस्तू एक तर दोन माणसांना उचलून माडीवर नेता यावी, नाहीतर ती पाण्यालाही हलवता येऊ नये. मधलं काहीच नको. हलकी खुर्ची एकात एक रचून वर जाते. दगडी बाक जागेवर बसून राहतो. मधला जड लाकडी सोफा-झोपाळा मात्र धड उचलत नाही आणि पाण्यात तरंगून दार-खिडकीवर आदळतो.

दगडाची खात्री हवी असेल तर वाईचा घाट बघा, मेणवलीला नाना फडणवीसांच्या वाड्यामागचा घाट बघा, साताऱ्याजवळ माहुलीला संगमावर जा. काळा पाषाण दर पावसाळ्यात नदीखाली जातो आणि पाणी उतरलं की पुन्हा बसायला तयार असतो. आपल्याला घाट बांधायचा नाही. दोन भक्कम खांब आणि वर एक जाड दगडी लादी, एवढ्यात अंगणातला बाक होतो. काळ्या रानात मात्र पाया खोल घ्या. ती माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळते, त्यामुळं वरवर ठेवलेला बाक दोन वर्षांत एका बाजूला कलतो.

प्लायवूड म्हणाल, तर दुकानदार ७१० नंबरचं मरीन प्लाय दाखवेल. ते साध्या प्लायपेक्षा पाण्याला नक्कीच जास्त टिकतं. पण कापलेली कड उघडी राहिली तर पाणी तिथूनच शिरतं. एमडीएफ तर अंगणात आणूच नका. ते पाण्यात भिजलेल्या बिस्किटासारखं फुगतं.

पुरानंतर लोखंडी पाइपच्या खुर्च्या वरून धुतल्या म्हणजे काम झालं असं नाही. पाइपच्या आत गाळ बसतो आणि तो महिनोन्‌महिने ओल धरून ठेवतो. पायाखालच्या टोप्या काढा, आतून पाणी मारा, उलट्या करून वाळवा. लाकूड मात्र उन्हात टाकू नका. सावलीत, वाऱ्यावर वाळवा, नाहीतर चिरा पडतील.

वेल्डिंगवाल्याकडं जाताना

आपल्या भागात लोखंडाला एक जुना इतिहास आहे. लक्ष्मणराव किर्लोस्करांनी १९१० साली औंध संस्थानच्या माळावर कारखाना उभा केला, तीच आजची किर्लोस्करवाडी, पलूस तालुक्यातली. त्यांचा लोखंडी नांगर सुरुवातीला शेतकरी हातात घ्यायला तयार नव्हते. लोखंडानं जमिनीत विष पसरतं, अशी समजूत होती. आज आपलं बरोबर उलटं झालंय. फोटो चकाचक असला की कुठल्याही नव्या मालावर आपला विश्वास बसतो. दोन्ही वेळा चूक एकच, वस्तू तपासून बघितलेली नाही.

म्हणून काही गोष्टी विचारा. पाइप किती गेजचा? बाकाला १६ गेज घ्या. १८ गेज त्याहून पातळ असतो, कारण गेजचा आकडा वाढला की जाडी कमी होते. एमएस आहे की जीआय? जीआयवर जस्ताचा थर असतो आणि तो गंज रोखतो. पण वेल्डिंग केलं की त्या जागी जस्त जळून जातं. म्हणजे नेमक्या सांध्यावर संरक्षण संपतं. तिथं जस्ताचा प्रायमर मारून घ्या. साध्या एमएसला आधी गंज घासून रेडऑक्साइड, मग ऑइल पेंट. पावडर कोटिंग दिसायला छान, पण एक ओरखडा पडला की पाणी त्याच्याखाली सरकत जातं आणि वरून काही दिसत नाही. पाइपची तोंडं बंद करून घ्या आणि सगळ्यात खालच्या जागी बारीक भोक ठेवायला सांगा, आत शिरलेलं पाणी निघून जाईल.

स्टेनलेस घेणार असाल तर २०२ की ३०४ ते बिलावर लिहून घ्या. २०२ मध्ये निकेल कमी असतं, त्यामुळं ते स्वस्त पडतं आणि बाहेर लवकर डागाळतं. नुसत्या लोहचुंबकानं या दोन्हींतला फरक नीट कळत नाही. चुंबक दुसऱ्या कामाला येतो. प्लास्टिकच्या वेताच्या विणीचे ते सुंदर सोफे असतात ना, त्यांच्या पायाला चुंबक लावा. चिकटला तर आत लोखंड आहे आणि वीण चांगली राहिली तरी सांगाडा आतून गंजणार. चिकटला नाही तर आत बहुधा ॲल्युमिनियम आहे. पावसाच्या भागात तेच घ्या, पैसे जास्त गेले तरी. खरा वेत आणि बांबू मात्र पडवीतच शोभतो, उघड्या पावसात नाही.

आता सिमेंटचा बाक. आपल्या प्रत्येक गावात तो आहे, पाठीवर ‘कै. अमुक यांच्या स्मरणार्थ’ लिहिलेला. स्वस्त, जड, चोरीला जात नाही. त्याचं मरण आतल्या सळईत असतं. सळई कडेच्या फार जवळ असली की तिला ओल लागते, ती गंजून फुगते आणि सिमेंटचा तुकडा उडतो. बाकाला सरळ लांब चीर आणि तिच्यातून तपकिरी ओघळ दिसला, तर तो बाक बदलायची वेळ आली.

देखभाल कोण करणार?

शेवटचा मुद्दा, आणि माझ्या मते सगळ्यात महत्त्वाचा. तुम्ही पुण्या-मुंबईत नोकरीला आणि बाक गावी. मग दरवर्षी तेल कोण लावणार? लाकडाला मे महिन्यात जवसाचं तेल हवं, लोखंडाला दोन-तीन वर्षांनी रंग हवा. जवसाच्या तेलाचं फडकं बोळा करून घरात टाकू नका, ते आपोआप तापून पेट घेऊ शकतं. उघडून, पसरून बाहेर वाळवा. गाडीचं जळकं ऑइल कुंपणाच्या खांबाला ठीक आहे, बसायच्या फळीला नको, कपडे जातात. आणि हे सगळं करायला घरी कुणी नसेल तर सरळ दगड किंवा सिमेंट घ्या, वर एक गादी द्या. सागवानाचा बाक ही देखभाल करणाऱ्या माणसाची चैन आहे.

एक उंचीचंही ध्यानात ठेवा. घरात वयस्कर माणसं असतील तर बैठक साधारण अठरा इंच हवी आणि दोन्ही बाजूंना हात हवेत, धरून उठायला. ते खोल, बुटके सोफे फोटोत छान दिसतात, पण गुडघे दुखणाऱ्या माणसाला त्यातून उठवायला दुसरा माणूस लागतो.

तर या रविवारी एवढंच करा. घरातली बाहेर ठेवलेली प्रत्येक खुर्ची उलटी करा आणि तिचे पाय, सांधे, स्क्रू बघा. जी डुगडुगते ती आजच बाजूला काढा. मग अंगणात ऊन कुठं येतं आणि पाणी कुठं साचतं ते बघा आणि नंतरच फोनवर किमती शोधा. तुमच्या गावात कुठलं लाकूड, कुठला दगड टिकलाय ते आम्हाला जरूर कळवा, फोटोसकट. भेटूया पुढच्या भागात. काळजी घ्या!