कोंबडं झाकलं तरी तांबडं फुटतंच

(प्रभागसंघाच्या मासिक सभेत एका सदस्य ताईंच्या लेकीने मांडलेले मनोगत)



पुढच्या महिन्यात आमच्या वर्गातली आम्ही सहा जणं आपल्या गावात तीन दिवस शूटिंग करणार आहोत. चार मुली, दोन मुलं. दहा मिनिटांची फिल्म आहे. राबून राबून झिजलेला आजीचा अंगठा रेशनच्या मशीनवर उमटत नाही, एवढीच गोष्ट. "पोरी पोरांबरोबर कॅमेरा घेऊन हिंडणार, हे कसलं शिक्षण?" असं काही जणींनी आईला विचारलं. विचारलंत ते बरं केलंत. त्याचंच उत्तर द्यायला उभी आहे.

पुण्याच्या एफटीआयआयमध्ये चिदानंद नाईक हा विद्यार्थी होता. शिकून डॉक्टर झालेला. एक वर्षाच्या टीव्ही कोर्सच्या शेवटी त्याने सोबत्यांबरोबर छोटी फिल्म केली. गोष्ट कन्नड लोककथेतली. एक म्हातारी गावातलं कोंबडं चोरते आणि गावात सूर्य उगवायचाच थांबतो! आपण म्हणतो, कोंबडं झाकलं म्हणून तांबडं फुटायचं राहत नाही. तिथे नेमकं उलटं. २०२४ मध्ये फ्रान्सच्या कान महोत्सवात विद्यार्थ्यांच्या विभागात या फिल्मला पहिलं बक्षीस मिळालं. जगभरातून २,२६३ फिल्म आल्या होत्या, त्यातून १८ निवडल्या होत्या.

पण ते काम एकट्याचं नव्हतं. कॅमेरा सूरज ठाकूरचा, संकलन मनोजचं, आवाज अभिषेक कदमचा. आवाजवाल्याने कान दिला नाही तर शेजारच्या गिरणीची घरघर आजीच्या बोलण्यावर बसते. संकलन म्हणजे निवडून, पाखडून जोडणं. एक जण ढिला पडला की सगळ्यांची मेहनत वाया. आपल्या गटासारखंच आहे हे. एकीचा हप्ता थकला की सगळ्या अडतात.

म्हणून आम्ही तुमचीच पंचसूत्री उचलली. दर शनिवारी बैठक, हजेरीसकट. प्रत्येकी ५०० रुपये काढले, ३,००० जमले. हिशोबाची वही एकीकडे, पैसे दुसरीकडे. कुणाचं काम काय आणि फिल्ममध्ये नाव कुठे येणार, ते आधीच लिहून सह्या केल्या. भांडणं नंतर होतात ती याच्यावरूनच. शूटिंग सकाळी सात ते संध्याकाळी पाच. विचारल्याशिवाय कुणाचा चेहरा घ्यायचा नाही. फिल्म झाली की आधी तुम्हाला दाखवायची. कुणी म्हणालं "माझं काढा", तर ते काढायचं.

आता मागणं. आवाजाचं काम आमच्यातल्या ज्या मुलीकडे आहे, तिला घरून अजून परवानगी नाही. तिच्या घरी आम्ही पोरी गेलो तर "लहान आहात" म्हणतील. तुमच्यातल्या दोघी-तिघी सोबत आल्या तर ऐकतील. तुम्ही गटाच्या पहिल्या मीटिंगला निघालात तेव्हा तुम्हालाही "बायांचं तिथे काय काम" असं ऐकावं लागलंच होतं ना? तेव्हा तुमच्या घरी कुणीतरी समजवायला आलं होतं. आज ते कुणीतरी तुम्ही व्हा.

आणि आजीचं काम करायला एक खरी आजी हवी आहे. पाठांतर नाही. अंगठा तेवढा झिजलेला पाहिजे.