गोधडी पेटीतच का राहते?
(मेढा येथील महिला मेळाव्यातील मनोगत)



कुठल्याही गटात विचारा, प्रत्येकीच्या चार-चार आवडी निघतात. गोधडी, भजन, भरतकाम, वाचन. आणि उत्तर एकच, "लावणी उरकू दे, मग बघू." लावणी उरकली की गणपती, मग सुगी. गोधडी पेटीतच!

रमाबाई रानडे आपल्याच भागातल्या, देवराष्ट्रेच्या. १८७३ साली, अकरा वर्षांच्या असताना लग्न होऊन पुण्याला गेल्या तेव्हा लिहिता-वाचता येत नव्हतं. नवरा शिकवायला तयार, पण घरातल्या बायकांचा विरोध. तरी रोजचा अभ्यास सोडला नाही. १९१० साली त्यांच्या आठवणींचं पुस्तक निघालं.

चारही आवडी एकदम धरू नका. लावणीनंतरच्या पावसात गोधडी घ्या. भजन काय, भाकरी थापतानाही म्हणता येतं. सुई ओवून, चिंध्या वर काढून ठेवा. खरा कंटाळा पेटी उघडायचाच असतो. रोज एकच ओळ शिवा. तेवढ्या वेळात चहा मालकांनी टाकला तर बिघडत नाही, पण हे घरी बोलावं लागेल. न सांगता कुणी उठत नाही.

पुढच्या बैठकीला जेवढं झालंय तेवढं घेऊन या. अर्धवट असलं तरी चालेल.