पगाराची तारीख आणि घरचा जमाखर्च



घरच्या जमाखर्चाचा विषय निघाला की पगार किती, हा प्रश्न प्रथम पुढे येतो. पगार कधी, हे सहसा कोणी विचारीत नाही. प्रपंच चालविणाऱ्या गृहिणीला मात्र हा दुसरा प्रश्न पहिल्याइतकाच जाचतो. घरभाडे, वाण्याची उधारी, मुलांची फी यांच्या तारखा ठरलेल्या असतात. पैसा येण्याची तारीख त्यांच्याशी जुळली नाही, तर पुरेसे उत्पन्न असलेले घरही कर्जात जाते.

मुंबईच्या गिरणगावाने हे पुरेपूर अनुभवले. कोकणातून वा घाटावरून आलेला माणूस गिरणीत लागला की महिनाभर राबे आणि त्या महिन्याचा पगार पुढच्या महिन्याच्या मध्यास केव्हातरी त्याच्या हाती पडे. पहिला पैसा दिसेपर्यंत सुमारे दीड महिना! तोवर खायचे काय? वाणी उधार देई, पण भाव त्याचा. सावकार रोकड देई, पण व्याज त्याचे. १९२९ साली नेमलेल्या व्हिटली आयोगाने १९३१च्या अहवालात रुपयास दरमहा एक आणा हा कामगारांच्या कर्जावरील रूढ दर नोंदविला आहे. एक आणा ऐकावयास किरकोळ वाटतो. परंतु सोळा आण्यांच्या रुपयावर वर्षाला बारा आणे, म्हणजे शेकडा ७५ झाले. अहमदाबादेत त्या काळी पंधरवड्याच्या सुमाराच्या ‘हप्त्या’ने वेतन मिळे. मालक तेथेही मालकच होते, पण उधारीवर काढावयाचे दिवस कमी होते.

पुढे १९३६ साली वेतन प्रदान कायदा झाला. वेतनाचा कालावधी एका महिन्याहून अधिक नसावा, हजाराहून कमी कामगार असलेल्या कारखान्यात कालावधी संपल्यापासून सातव्या दिवसाच्या आत आणि मोठ्या कारखान्यात दहाव्या दिवसाच्या आत वेतन मिळावे, असे त्यात ठरले. २०१९च्या वेतन संहितेने मासिक वेतनासाठी सात दिवसांचीच मुदत ठेवली आहे. मालकाच्या मर्जीची बाब कायद्याची झाली, हे मोठेच काम होय.

तरीही महिन्याभराची वाट पाहण्याचा भार कोणीतरी उचलीतच होते. गिरणगावात तो खाणावळवालीने उचलला. कुटुंब गावी ठेवून आलेल्या कामगारांना ती दोन्ही वेळ जेवू घाली आणि पैसे घेई ते पगार झाल्यावर. तांदूळ, रॉकेल, मासळी तिला मात्र रोजच्या रोज आणावी लागे. त्यासाठी ती सावकाराच्या दारी जाई. खरे पाहता कामगाराचा तो महिना तिच्याच कर्जावर निघे. पण कामगार चळवळीच्या इतिहासात तिला दोन ओळींहून अधिक जागा क्वचितच मिळाली. १९७५ साली प्रेमाताई पुरव यांनी अन्नपूर्णा महिला मंडळ स्थापन केले आणि या भगिनींना बँकेच्या कर्जाची वाट मोकळी झाली. १८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला, पगार थांबला, आणि खाणावळीची चूल पुन्हा संकटात आली.

मराठवाड्यातील ऊसतोड कामगारांचा हिशेब याच्या अगदी उलट चालतो. तेथे पैसा आधी आणि श्रम नंतर. हंगामापूर्वी मुकादम ‘उचल’ देतो. नवरा-बायको मिळून एक कोयता, आणि उचल त्या कोयत्याची. जुने देणे, औषधपाणी, मुलीचे लग्न यांत ती रक्कम गाव सोडण्याआधीच संपते. नंतर पहाटेपासून तोडलेला ऊस त्या खर्चून गेलेल्या पैशापोटी वळता होतो. आजारपणामुळे एखादा दिवस बुडाला तर ‘खाडा’ लागतो. उचल फिटली नाही की बाकी पुढच्या हंगामाच्या माथी. अशा घरात महिन्याचे अंदाजपत्रक करावयाचे तरी कशाच्या आधारावर?

त्याच महाराष्ट्रात कोल्हापूरकडे दुधाचे बिल दर दहा दिवसांनी होते. ऊसबिलाची वाट पाहणाऱ्या घरात मीठ-मिरची, वह्या-पुस्तके, एस.टी.चे भाडे या दुधावर निघते. पेंडीचे पैसे बिलातून आधीच वळते होतात. उरलेल्या रकमेत तीन आठवडी बाजार नाही, तरी एक बाजार सहज होतो. शेणगोठा बहुधा घरची बाईच करते. बिल मात्र पुष्कळदा पुरुषाच्या नावावर निघते, आणि दहा दिवसांचा हिशेब त्याच्याकडून मागून घेण्याची पाळी तिच्यावर येते.