शाप, संगत आणि आपण

रविवारचा मेगाब्लॉक पार करून डोंबिवलीला पोहोचलेल्या श्रोतेहो,



कर्म, शाप आणि संगत हा आजचा विषय. यातला शाप तर आमच्या शेजारी दगडातच कोरलेला आहे. लोनाडजवळच्या चौधरपाड्यात शिलाहार राजा केशिदेवाच्या काळातला, शके ११६१ चा दानलेख आहे. अशा दानलेखांचे गधेगाळ आपल्या कोकणपट्टीत ठिकठिकाणी सापडतात. वर चंद्र-सूर्य, खाली गाढव आणि बाई. दान मोडणाऱ्याच्या आईला दिलेली ती शिवी. राजाचा हात पोचणार नाही तिथं शापानं राखण करावी, ही तजवीज मला पटते. खटकतं ते पुढचंच. जमीन बळकावली मुलानं, भोगायचं आईनं? ज्याचं कर्म त्याला, हा सिद्धान्त मग कुठं गेला?

एकाचं दुसऱ्याच्या माथी मारायची ही खोड अजून गेलेली नाही. घरात काही वाईट घडलं की नव्या सुनेचा पायगुण निघतो. याउलट आनंदीबाई जोशी पाहा, जन्मानं कल्याणच्या. त्यांचं पहिलं मूल दहा दिवसांत गेलं. पूर्वजन्मीचं पाप म्हणत त्या कपाळाला हात लावून बसल्या नाहीत. १८८६ साली फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या.

परीक्षित राजाची गोष्ट तुम्ही जाणताच. ध्यानस्थ शमीक ऋषींच्या गळ्यात त्यानं मेलेला साप अडकवला आणि ऋषिपुत्र शृंगीनं सात दिवसांत मरण्याचा शाप दिला. बापाला तो शाप आवडला नव्हता, हे कीर्तनात बहुधा राहून जातं. शाप काही टळला नाही. राजानं उरलेले सात दिवस शुकमुनींच्या संगतीत घालवले, एवढंच त्याच्या हाती होतं.

आमच्याकडे असा सप्ताह लोकलमध्ये चालतो. कर्जत-कसाऱ्याच्या गाड्यांत सकाळी टाळ वाजतात आणि त्याच डब्यात, मांडीवर ब्रीफकेस आडवी ठेवून, पत्तेही पिसले जातात. उभं कुठं राहायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. गर्दीत तेवढी निवड मिळाली तर!

पैसे घेऊन शाप उतरवणाऱ्यांना आम्ही मुद्दाम बोलावलेलं नाही. चहा मात्र सर्वांना आहे. जेवण एक वाजता, मागच्या मांडवात.

अध्यक्ष महाराज, सूत्रं आपल्या हाती देतो.