आधी पडदा, मग पेटी
कमी खर्चात गेमिंग संगणक जुळवताना



परीक्षा संपल्या की अनेक घरांत एका खरेदीवरून बोलणी सुरू होतात. मुलांना गेम चालेल असा संगणक हवा असतो आणि आई-वडिलांना खर्च पन्नास हजारांच्या आत बसवायचा असतो. मग कोणीतरी यादी लिहून देतो, त्या यादीतला एकही शब्द घरात कोणाला कळत नाही आणि पैसे मात्र मोजले जातात. म्हणूनच आजचा विषय मी मुद्दाम निवडला. माझे म्हणणे थोडक्यात असे, की कमी पैशांतला चांगला संगणक हिशोबाने जुळवता येतो आणि तो हिशोब कोणत्याही घरात मांडता येतो. मात्र त्याची सुरुवात पडद्यापासून करायची.

मिळणारे सुटे भाग विचारपूर्वक जोडून मोठे काम साधण्याचा एक दाखला आपल्याच पुणे जिल्ह्यातला आहे. भारताला हवा तो सुपरकॉम्प्युटर अमेरिकेकडून मिळेना, तेव्हा १९८८ मध्ये पुण्यात सी-डॅक ही संस्था उभी राहिली. डॉ. विजय भटकर यांच्या नेतृत्वाखाली १९९१ मध्ये तिने ‘परम ८०००’ तयार केला. एकच अतिवेगवान प्रोसेसर मिळण्याची वाट पाहण्याऐवजी ब्रिटिश बनावटीचे ‘ट्रान्सप्युटर’ नावाचे अनेक प्रोसेसर एकमेकांना जोडून काम वाटून देण्याचा मार्ग या मंडळींनी घेतला. आपल्याला काय करायचे आहे, हातात काय आहे आणि त्यातले काय कुठे बसते, हे तीन प्रश्न त्यांनी नीट सोडवले. आपल्या घरगुती यादीलाही हेच तीन प्रश्न लागू पडतात.

पहिला प्रश्न, काय करायचे आहे? गेममध्ये आपण पाहतो ते हलते चित्र ठिपक्यांचे असते. आज सर्रास मिळणाऱ्या फुल एचडी पडद्यावर १९२० गुणिले १०८०, म्हणजे सुमारे २०.७ लाख ठिपके असतात. चित्र सेकंदाला ६० वेळा बदलायचे तर संगणकाला दर सेकंदाला १२ कोटींहून अधिक ठिपके रंगवावे लागतात आणि एका चित्रासाठी त्याच्या हातात १६.७ मिलिसेकंद उरतात. पडदा फोर-के घेतला तर ठिपके चौपट होतात. पडदा १४४ हर्ट्झचा घेतला आणि त्याचा पुरेपूर उपयोग करायचा म्हटले, तर प्रत्येक चित्रासाठी सात मिलिसेकंदांहूनही कमी वेळ मिळतो. म्हणून पन्नास हजारांच्या आसपासचा खर्च ठरला असेल तर फुल एचडीवर थांबावे. पडदा ठरला की पेटीतल्या प्रत्येक भागाचे काम ठरते.

आता उरलेले दोन प्रश्न, हातात काय आहे आणि काय कुठे बसते. त्यासाठी पेटी उघडू. गेमचे काम दोघे मिळून करतात. कोणता खेळाडू कुठे आहे, गोळी कुठे लागली, भिंत कधी कोसळणार, हा हिशोब प्रोसेसर करतो आणि त्यावरून चित्र रंगवतो ग्राफिक कार्ड. पडद्यावरचे ठिपके वाढले की ग्राफिक कार्डाचा भार वाढतो, प्रोसेसरचा जवळजवळ तेवढाच राहतो. यातून कोणालाही घरी करता येणारी एक परीक्षा मिळते. गेममध्ये रिझोल्यूशन, म्हणजे ठिपक्यांची संख्या, कमी करून पाहा. चित्रे बदलण्याचा वेग वाढला तर अडचण ग्राफिक कार्डाची होती. वेग तेवढाच राहिला तर बहुधा प्रोसेसर मागे पडतो आहे. जुन्या संगणकात पैसे घालण्यापूर्वी ही परीक्षा जरूर करावी, कारण दुबळ्या प्रोसेसरला महागडे कार्ड जोडले तर त्या कार्डाचा बराचसा वेळ वाट पाहण्यात जातो.

यादी करण्याचे दोन रस्ते आहेत. पहिला रस्ता ग्राफिक कार्ड आत्ताच घेण्याचा. एएमडीचा रायझन ५ ५६०० किंवा इंटेलचा कोअर आय३ १२१००एफ, त्यासोबत आरएक्स ६६०० सारखे ८ जीबी मेमरीचे कार्ड, ही फुल एचडीसाठी समतोल जोडी आहे. या रस्त्यावर खर्चाचा सर्वांत मोठा वाटा, साधारण एकतृतीयांश किंवा थोडा अधिक, ग्राफिक कार्डाला द्यावा. इंटेलच्या नावाशेवटी ‘एफ’ असेल तर त्या प्रोसेसरमध्ये चित्र दाखवण्याची सोय नसते, कार्डाशिवाय पडदा काळाच राहतो, हे पक्के ध्यानात ठेवा.

दुसरा रस्ता थांबत थांबत जाण्याचा. रायझन ५ ५६००जी मध्ये ग्राफिक्स अंगभूत असते. व्हॅलोरंट, काउंटर-स्ट्राइक २ यांसारखे गेम त्यावर चित्राचा दर्जा उतरवून खेळता येतात आणि पुढच्या वर्षी पैसे साठले की कार्ड बसवता येते. ज्यांचा हात आज आखडता आहे त्यांना मी हाच रस्ता सुचवीन. मात्र इथे रॅमची निवड फार महत्त्वाची ठरते. अंगभूत ग्राफिक्सला स्वतःची मेमरी नसते, ते रॅममधलीच वापरते. ३२०० वेगाची डीडीआर४ रॅमची एक पट्टी लावली तर सेकंदाला २५.६ जीबी माहिती ये-जा करू शकते. दोन पट्ट्या योग्य खाचांत लावल्या तर ५१.२ जीबी. म्हणून १६ जीबीची एक पट्टी न घेता ८-८ जीबीच्या दोन घ्या. तुलनेसाठी सांगतो, आरएक्स ६६०० च्या स्वतःच्या मेमरीचा वेग सेकंदाला २२४ जीबी आहे. स्वतंत्र कार्ड पुढे का जाते, हे या एका आकड्यात दिसते.

रॅमविषयी आणखी एक गोष्ट. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या सर्व्हरसाठी मेमरीची मागणी प्रचंड वाढल्यामुळे २०२५ च्या अखेरीपासून रॅमचे भाव झपाट्याने चढले. त्यामुळे जुनी यादी जशीच्या तशी वापरू नका. घरातल्या जुन्या संगणकात चांगली डीडीआर४ रॅम असेल तर ती काढून नव्यात बसवण्याचा विचार करा. डीडीआर५ च्या मदरबोर्डवर मात्र ती बसत नाही.

सगळे भाग ज्यावर बसतात तो मदरबोर्ड निवडताना त्यावरच्या दिव्यांपेक्षा पुढे बदल करण्याची सोय पाहावी. २०१८ च्या बी४५० मदरबोर्डांपैकी अनेकांवर, बायोस हे त्यांच्यातले मूळ सॉफ्टवेअर अद्ययावत केल्यावर, २०२२ चा रायझन ५ ५६०० बसतो. चार वर्षांनी फक्त प्रोसेसर बदलून संगणक तरुण करता येणे, ही मध्यमवर्गीय घरासाठी मोठी बचत आहे. साठवणीसाठी एसएसडीच घ्यावी. साटा एसएसडी सेकंदाला साधारण ५५० एमबी वेग देते आणि एनव्हीएमई प्रकारची एसएसडी त्याच्या कित्येक पट. पण गेम खेळताना हा फरक तेवढा जाणवत नाही. जी स्वस्त आणि विश्वासू मिळेल ती घ्या.

आता एसएमपीएस, म्हणजे सगळ्या भागांना वीज पुरवणारा भाग. यावर मी थोडा वेळ घेणार आहे, कारण यादीत सर्वांत आधी कात्री लागते ती यालाच. कॅबिनेटसोबत स्वस्तात येणाऱ्या एसएमपीएसवर ५०० वॅट छापलेले असते, पण तेवढा भार तो पेलेलच असे नाही. आपल्या जोडीचा हिशोब मांडू. आरएक्स ६६०० ला १३२ वॅट, प्रोसेसरला ६५ ते ७५ वॅट, बाकी सगळ्याला पन्नासेक. बेरीज अडीचशेच्या आसपास जाते. म्हणजे नामांकित कंपनीचा, ८० प्लस ब्राँझ दर्जाचा ४५० ते ५५० वॅटचा एसएमपीएस पुरतो. तो घेताना कंपनीची वॉरंटी आणि जादा दाबापासूनचे संरक्षण पाहा. हा एक भाग बिघडला तर बाकीचे सगळे भाग सोबत नेऊ शकतो.

आपल्या खंडाळ्यात तर विजेची ही काळजी दुप्पट घ्यावी लागते. याच परिसरातल्या तलावांचे पाणी खोपोलीच्या वीजगृहात उतरवून १९१५ पासून मुंबईच्या गिरण्यांना वीज मिळू लागली. तरी जुलैत तारेवर फांदी पडली की आपल्या घरातली वीज जाते आणि येताना दाब वरखाली होतो. म्हणून नव्या संगणकाआधी घराचे अर्थिंग तपासून घ्या. ६०० व्हीएचा साधा यूपीएस साधारण ३६० वॅट पेलतो. तो काम जतन करून संगणक शांतपणे बंद करण्यासाठी आहे, खेळ चालू ठेवण्यासाठी नाही. विजा कडाडत असतील तर प्लग आणि इंटरनेटची केबल दोन्ही काढा.

इथली दुसरी अडचण दमटपणाची. पावसाळ्यात धुके आपल्या खिडकीतून थेट खोलीत येते. ओल आणि धूळ एकत्र आली की रॅमच्या पट्ट्यांची सोनेरी टोके आणि खाचा खराब होऊ लागतात. पेटी जमिनीवर आणि ओल धरणाऱ्या भिंतीला टेकवून ठेवू नका. पावसाळ्यात ती रोज काही वेळ चालू ठेवा. तिची स्वतःची ऊब तिला कोरडी ठेवते. पुण्यापेक्षा इथली हवा थंड, म्हणून महागड्या कूलरची गरज नाही. वर सांगितलेल्या प्रोसेसरच्या खोक्यात येणारा कूलर पुरेसा आहे.

खरेदीच्या बाबतीत खंडाळेकर सोयीच्या जागी आहेत. एका बाजूला पुण्याची तपकीर गल्ली, दुसऱ्या बाजूला मुंबईचा लॅमिंग्टन रोड, दोन्ही बाजारपेठा रेल्वेच्या टप्प्यात. ऑनलाइन भाव पाहून जा, पण प्रत्येक भागाचा सीरियल नंबर लिहिलेले जीएसटी बिल घेतल्याशिवाय परतू नका. वॉरंटीचा वाद झाला तर तोच कागद उपयोगी पडतो.

जुना माल घ्यावा का? घ्यावा, डोळे उघडे ठेवून. सप्टेंबर २०२२ मध्ये इथेरियम या आभासी चलनाचे ग्राफिक कार्डांवरचे खाणकाम, म्हणजे चलन मिळवण्यासाठी चालणारी आकडेमोड, बंद झाले आणि दिवसरात्र राबलेली कार्डे जुन्या बाजारात आली. विकणाऱ्यासमोर अर्धा तास जड गेम चालवून तापमान, पंख्याचा आवाज आणि चित्रातले दोष पाहा. कचेऱ्यांतून निघालेले संगणक स्वस्त वाटतात, पण १४ ऑक्टोबर २०२५ ला विंडोज १० चा नियमित आधार संपला आहे. विंडोज ११ साठी साधारणपणे इंटेलचा आठव्या पिढीचा किंवा एएमडीचा रायझन २००० मालिकेचा, अथवा त्यानंतरचा प्रोसेसर हवा. एसएमपीएस मात्र जुना घेऊ नका.

पालकांना शेवटी एक सांगायचे आहे. गेमसाठी घेतलेल्या यंत्रावर ब्लेंडरमध्ये त्रिमितीय चित्रे करता येतात, गेम लिहायलाही शिकता येते. २०२० मध्ये आलेला, भारतीय पुराणकथांवर उभा असलेला ‘राजी’ हा गेम पुण्याच्या नॉडिंग हेड्स गेम्स या स्टुडिओने केला. खेळणाऱ्या मुलांमधूनच असे घडवणारेही निघतात. म्हणून मुलांच्या हातात तयार पेटी देण्याऐवजी आधी कागद द्या. कोणता भाग, कशासाठी, किती वॅटचा, कशाशी जुळणारा, किती रुपयांचा, असे रकाने त्यांना स्वतः भरू द्या. प्रत्येक ओळीपुढे ‘का?’ विचारा आणि उत्तर पटले तरच ती ओळ ठेवा. दुकानात जाताना मुलाला, मुलीला सोबत न्या आणि जुळणीच्या वेळी स्क्रू ड्रायव्हर त्यांच्या हाती द्या. संगणक तर येईलच. मर्यादित पैशांत विचारपूर्वक निवड करण्याची जी सवय लागेल, ती त्या संगणकाहून कितीतरी जास्त वर्षे टिकेल.